कालकाजी : देऊळ, दंतकथा आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलावयास आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही. शिक्षण बी. ए. पर्यंतचे, आणि त्यानंतरचे बहुतेक आयुष्य केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून फायली वाचण्यात गेले. तेव्हा आम्ही जे सांगू ते एका जिज्ञासू अंमलदाराचे टिपण समजावे, इतकीच विनंती आहे.

विषय कालकाजीच्या देवळाचा आहे. तो निवडण्यास एक निमित्त घडले. सुवर्णमहोत्सवाची कायमची खूण म्हणून या देवळाच्या आवारात मंडळाने एक संगमरवरी फलक लावण्याची परवानगी मागावी आणि त्यावर ‘हे देवालय मराठ्यांनी बांधले’ असे कोरून घ्यावे, अशी सूचना काही सभासदांनी मांडली. तिच्यामागील भाव आम्ही जाणतो. आपली मुले दिल्ली, नोएडा, फरिदाबादच्या शाळांतून शिकतात. शाळेच्या सहलीत त्यांना तुघलकांचे किल्ले, लोदींची थडगी, मोगलांच्या मशिदी आणि इंग्रजांचे बंगले दाखवले जातात. ‘आपले काय आहे इथे?’ असे एखाद्या मुलाने विचारले तर पानिपतच्या काला आंबापलीकडे आपल्याला बोट दाखवता येत नाही, आणि तो तर पराभवाचा स्तंभ. अशा वेळी चांगले गजबजलेले, जागृत म्हणून नावाजलेले एखादे देऊळ आपल्या पूर्वजांनी उभारले असे म्हणता आले तर कोणास नको आहे? तथापि फाईलवरचे टिपण मागाहून दुरुस्त करता येते, दगडावरचा मजकूर करता येत नाही. म्हणून कोरण्यापूर्वी जरा तपासून घ्यावे, असे कार्यकारिणीने ठरवले आणि ते काम आमच्याकडे आले.

प्रथम देऊळ डोळ्यांसमोर आणू या. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले आहे. दक्षिण दिल्लीत नेहरू प्लेसच्या व्यापारी इमारती एका बाजूस आणि १९८६ साली उघडलेले बहाई पंथाचे कमळाच्या आकाराचे प्रार्थनामंदिर दुसऱ्या बाजूस, अशा मधल्या जागी ते आहे. २०१० मध्ये मेट्रोचे स्थानक देवीच्याच नावाने झाले आणि २०१७ च्या डिसेंबरात नोएडाहून येणारी दुसरी मार्गिकाही तेथे येऊन मिळाली, त्यामुळे यमुनेपलीकडच्या आपल्या मंडळींची सोय झाली. ही सारी भूमी पूर्वी बहापूर गावाची. जमीन सपाट दिसत असली तरी ती अरवली पर्वताच्या अगदी उत्तरेकडील शेपटाची आहे. बागांतून, घरांच्या आडोशातून कठीण, पांढरट तांबूस खडक अजून डोके वर काढून आहेत. देवळाची टेकडी त्यांपैकीच एक. तिला सूर्यकूट असे नाव सांगतात. आज भोवतीच्या भरावामुळे आणि दुकानांमुळे ती टेकडी आहे हे चढ लागल्यावरच कळते.

देवळाच्या मूळ रचनेत एक वेगळेपण आहे. आपल्याकडील देवळाचा गाभारा चौरस, अंधारा आणि एकाच दाराचा असतो. देवाकडे जाण्याची एकच वाट, तीही उंबरठ्याशी थांबणारी. कालकाजीचा गाभारा बारा बाजूंचा आहे, आणि प्रत्येक बाजूस एक दार आहे. गाभाऱ्याभोवती कमानींची ओवरी फिरते. बाहेरच्या अंगाने कमानी मोजल्या तर छत्तीस भरतात, म्हणजे दर बाजूस तीन. वरती निमुळते होत गेलेले शिखर. मूळ काम विटांचे आणि चुन्याच्या गिलाव्याचे. अलीकडच्या काळात त्यावर संगमरवर चढला आहे. पूर्वेच्या दारासमोर तांबड्या वालुकाश्माचे दोन वाघ बसलेले आहेत. बारा बाजूंचा अर्थ बारा राशी असा लावतात. कालिका ही काळाची स्वामिनी, म्हणून कालचक्राच्या मध्यभागी तिने बसावे, असे त्यामागचे स्पष्टीकरण. याच विचाराचा एक परिणाम असा की, ग्रहणकाळी इतर देवळांची दारे बंद होतात तेव्हा हे देऊळ उघडे असते. राशी आणि ग्रह जिच्या आज्ञेत आहेत तिला ग्रहणाचे सुतक कसले, असे म्हणतात. आम्हांस हा युक्तिवाद मोठा चोख वाटतो.

वास्तूच्या या वळणात मराठी असे काय आहे, असे विचाराल तर उत्तर संकोचाने द्यावे लागते. दीपमाळ नाही, नगारखान्याचा दरवाजा नाही, काळ्या दगडाचा सभामंडप नाही. विटा, गिलावा आणि कमानींची ओवरी हे अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या गवंड्यांचे हात आहेत. यावरून मराठ्यांचा संबंध नाही असे सिद्ध होत नाही. दिल्लीत बांधकाम करविणारा कोणीही असला तरी गवंडी दिल्लीचेच मिळणार. पण इमारत स्वतः होऊन आपली साक्ष देत नाही, एवढे लक्षात ठेवू या.

आता दंतकथांकडे वळतो. स्थानिक कथा अशी : दोन दैत्यांनी देवांना सळो की पळो करून सोडले. देव ब्रह्मदेवाकडे गेले, त्याने त्यांना पार्वतीकडे पाठवले. पार्वतीच्या मुखातून कौशिकी प्रकटली आणि तिने दैत्यांवर चाल केली. परंतु त्यांच्या रक्ताचा जो थेंब जमिनीवर पडे त्यातून नवा दैत्य उभा राही. हे पाहून कौशिकीच्या भुवयांतून काली निघाली. तिचा खालचा ओठ टेकड्यांवर टेकलेला आणि वरचा आभाळास भिडलेला. रक्त जमिनीवर पडण्याआधीच तिने ते पिऊन टाकले, आणि युद्ध संपल्यावर ती याच टेकडीवर राहिली.

ज्या घरांतून नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो त्यांना ही कथा ओळखीची वाटेल, आणि थोडी वेगळीही. सप्तशतीच्या पाचव्या अध्यायात पार्वतीच्या शरीरकोशातून देवी बाहेर पडते, म्हणून ती कौशिकी. आणि ती निघून गेल्यावर मागे जी सावळी पार्वती उरते तिलाच तेथे कालिका म्हटले आहे. तिचे वसतिस्थान हिमालय. सातव्या अध्यायात चंड आणि मुंड चालून येतात तेव्हा अंबिकेच्या संतप्त कपाळातून काली निघते, त्यांची मुंडकी आणून देते आणि चामुंडा हे नाव मिळवते. रक्तबीजाचे रक्त पिण्याचा प्रसंग आठव्या अध्यायातला. म्हणजे ग्रंथात तीन ठिकाणी विभागलेले प्रसंग लोककथेने एकत्र गुंफले, दैत्यांची नावे विसरून त्यांची संख्या दोनावर आणली, आणि हिमालयातील देवीला अरवलीच्या टेकडीवर आणून बसवले. यात काही गैर आहे असे आम्ही मानत नाही. आपल्या वणीच्या डोंगरावर महिषासुराचे युद्ध असेच येऊन स्थिरावले आहे. डोंगर दिसला की लोकांना त्यावर देवी दिसते. ‘खालचा ओठ टेकड्यांवर’ ही कल्पना तर ज्याने हे ओबडधोबड खडक पाहिले त्यालाच सुचावी.

दुसरी कथा पांडवांची. दिल्लीत इंद्रप्रस्थ, म्हणून पांडव सर्वत्र आहेत. जुन्या किल्ल्यालगतचे भैरवाचे देऊळ भीमाचे, मेहरौलीची योगमाया श्रीकृष्णाची बहीण, आणि युद्धापूर्वी विजयासाठी पांडवांनी पूजिली ती ही कालिका. याला महाभारतातील आधार म्हणून भीष्मपर्वातील अर्जुनाच्या दुर्गास्तोत्राकडे बोट दाखवतात. आपल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या संपादकांनी मात्र हे स्तोत्र मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात घातले. हस्तलिखितांच्या तुलनेतून त्यांना ते मागाहून आलेले दिसले. पुण्याच्या पंडितांनी स्तोत्र परिशिष्टात टाकले म्हणून दिल्लीच्या भाविकाची श्रद्धा परिशिष्टात जात नाही. पण फलकावर ‘पाच हजार वर्षे’ कोरायचे की नाही, याचा निर्णय करताना ते परिशिष्ट आपल्यासमोर असावे.

भांडारकर संस्थेची ती आवृत्ती पूर्ण झाली १९६६ साली. योगायोग असा की त्याच वर्षी कालकाजीच्या देवळापासून अगदी जवळ, आजच्या ईस्ट ऑफ कैलासच्या बाजूस, घरबांधणीच्या कामात खडकावर कोरलेली ब्राह्मी अक्षरे दृष्टीस पडली. तो सम्राट अशोकाचा लघु शिलालेख निघाला. दहा ओळी, भाषा प्राकृत. आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, पहिल्या वर्षात फारसा प्रयत्न केला नाही, पण संघाच्या सान्निध्यात आल्यावर खटपट केली, आणि अशी खटपट केवळ थोरांनीच नव्हे तर लहानांनीही केली तर फळ मिळते, असा त्याचा आशय. सम्राटाने स्वतःच्या पहिल्या वर्षातील ढिलाईची कबुली खडकावर कोरावी, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. आमच्या कारकिर्दीत असा वार्षिक अहवाल आम्ही पाहिला नाही.

या लेखाचा देवळाशी संबंध काय? सरळ संबंध नाही. पण अशोकाचे लेख माणसांची ये-जा असलेल्या जागी कोरले जात, वाचले आणि ऐकले जावेत हाच त्यांचा हेतू. गंगेच्या खोऱ्यातून वायव्येकडे जाणारा रस्ता यमुनेच्या या काठाने जात असावा आणि या टेकड्यांपाशी लोक थांबत असावेत, असे या लेखावरून म्हणता येते. लोक थांबतात तेथे पाणी, झाड आणि देव हे आलेच. तो देव त्या काळी कालिकाच होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र या टेकड्या बावीसशे वर्षांपूर्वीही निर्जन नव्हत्या, आणि हे देवळाच्या उंबरठ्यावरच्या कोणत्याही दंतकथेपेक्षा अधिक भक्कम विधान आहे. लेखावर काँक्रीटचे छप्पर आहे, भोवती जाळी आहे. नवरात्रात देवीच्या रांगेत हजारो माणसे उभी असतात आणि चालत जाण्याच्या अंतरावर अशोक एकटा असतो. आपल्या मंडळींनी देवीच्या दर्शनानंतर तिकडेही पाऊल वळवावे.

आता मुख्य मुद्दा. मराठ्यांचा आणि कालिकेचा संबंध केव्हा आला?

तो लेखी स्वरूपात सापडतो इ. स. १७३७ च्या चैत्रात. थोरले बाजीराव पेशवे उत्तरेच्या स्वारीवर होते. बाजीराव चंबळेपलीकडे पळाला, अशा बढाया दरबारात मारल्या जात होत्या. त्या खोट्या पाडण्यासाठी बादशाही फौजांना बगल देऊन त्यांनी थेट दिल्लीच्या वेशीवर धडक मारली. ही हकीकत त्यांनी धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांस पत्राने कळवली, आणि ते पत्र मराठ्यांच्या इतिहासातील नामांकित पत्रांपैकी एक आहे. त्यात वाटेच्या वर्णनात दोन खुणा येतात : बारापुला आणि कालिकेचे देऊळ. ही दोन्ही उजव्या हातास टाकून आपण शहराजवळ कुशबंदीस मुक्काम केला, असे पेशवे लिहितात. बारापुला म्हणजे निजामुद्दीनजवळचा जहांगीराच्या काळातील पूल, अकरा कमानींचा आणि बारा खांबांचा. आज ज्या उंच रस्त्यावरून आपल्या मोटारी जातात त्याने नाव त्याचेच घेतले आहे. कालिकेचे देऊळ म्हणजे आपले हेच.

बंधुभगिनींनो, या एका उल्लेखाचे मोल आमच्या दृष्टीने फार मोठे आहे. ज्या देवळाच्या सर्वांत जुन्या भागाचा काळ सामान्यतः १७६४ ते १७७१ असा सांगतात, ते देवस्थान त्याआधी एका पिढीपूर्वी इतके प्रसिद्ध होते की पुण्याच्या पेशव्याने वाटेची खूण म्हणून त्याचे नाव घ्यावे. म्हणजे मराठ्यांनी काही बांधले असेल तर ते आधीच असलेल्या, गजबजलेल्या जागी बांधले. देवी आपण आणली नाही, देवीची जागाही आपण शोधली नाही.

पत्रातील पुढची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. रामनवमी जवळ आली होती. उत्तरेत चैत्रातही नवरात्र असते. आपण गुढी उभारतो त्याच प्रतिपदेला येथे घट बसतात, आणि नवमीच्या सुमारास कालिकेपाशी दिल्लीकरांची यात्रा भरते. त्या वर्षीही भरली होती. शहरातील माणसे भवानीच्या यात्रेसाठी बाहेर पडली असताना आपल्या लष्कराची त्यांच्याशी झटापट झाली, हे पेशव्यांनीच नमूद केले आहे. फारसी बखरकार अधिक स्पष्ट लिहितात : यात्रेकरू लुटले गेले. त्यानंतर बादशाही सरदार चालून आले, त्यांचा मोड झाला आणि बाजीराव आले तसे वेगाने परतले. शहर जाळण्याचा विचार मनात येऊनही आपण तो सोडला, असे पेशव्यांनी पत्रात सांगितले आहे. ते त्यांच्या शहाणपणाचे लक्षण खरेच. पण यात्रेतील बायामाणसांना त्या दिवशी त्या शहाणपणाचा अनुभव आला नसावा.

हे ऐकून काही चेहरे उतरलेले आम्हांस दिसतात. ज्या पेशव्यांचे नाव घेतले की आपली मान ताठ होते, त्यांच्या सर्वांत धाडसी स्वारीची पहिली झळ दिल्लीच्या बादशहाला लागण्याआधी देवीच्या भक्तांना लागली, आणि ते भक्त चैत्री नवमीला नैवेद्य घेऊन निघालेले आपल्यासारखेच लोक होते. स्वारी म्हणजे स्वारी, त्या काळची रीतच तशी, असे म्हणून ही गोष्ट बाजूस सारता येईल. आम्ही ती सारणार नाही. बाजीरावांची थोरवी या प्रसंगाने कमी होत नाही. पण ‘मराठे आणि कालकाजी’ हा विषय काढला की पहिले पान हेच आहे, आणि ते फाडून पुस्तक दुसऱ्या पानापासून वाचता येत नाही.

दुसरे पान १७६४ चे. या सनाला विक्रम संवताचे १८२१ वे वर्ष येते. मराठ्यांनी देऊळ बांधले ही समजूत याच सनाभोवती फिरते. आता त्या वर्षी दिल्लीत काय चालले होते पाहा. पानिपत होऊन तीन वर्षे झाली होती. बादशहा शहाआलम पूर्वेकडे, दिल्लीचा कारभार नजीबखान रोहिल्याच्या हातात. ज्याच्या सल्ल्याने अब्दाली आला, त्या नजीबाच्या अमलात मराठ्यांनी निवांतपणे देऊळ बांधावे, हे चित्र डोळ्यांसमोर येत नाही. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस सूरजमल जाटाचा मुलगा जवाहिरसिंग बापाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी दिल्लीवर चालून आला, आणि त्याच्या मदतीस मल्हारराव होळकर होते. म्हणजे मराठी घोडी त्या हिवाळ्यात दिल्लीच्या आसपास होती. परंतु वेढ्याच्या धामधुमीत छावणी पडते, देऊळ पडत्या काळाच्या हिशेबाने उभे राहत नाही. पुढे १७७१ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या सरदारांनी दिल्ली घेतली, १७७२ च्या जानेवारीत शहाआलमला सिंहासनावर आणून बसवले, आणि मध्ये मध्ये खंड पडत १८०३ पर्यंत दिल्लीवर मराठ्यांचा शब्द चालला. देवळाला हात लावण्याइतकी सत्ता आणि स्वस्थता होती ती या काळात. १७६४ ते १७७१ या मुदतीच्या दोन्ही टोकांना मराठे दिल्लीत आहेत, मधल्या वर्षांत नाहीत. आमचे मत विचाराल तर परंपरेत तथ्य असेल ते १७७१ च्या बाजूला. तरीही तिला परंपरा म्हणावे, पुरावा म्हणू नये.

तिसऱ्या पानावरील माणूस मात्र आमच्या आवडीचा आहे. १८१६ साली या देवळात भर घातली ती राजा केदारनाथ यांनी. हे दुसरे अकबरशहा यांचे पेशकार. दिल्ली तेव्हा इंग्रजांच्या हाती गेलेली होती, बादशहा नावाचा उरला होता, आणि त्या नावाच्या बादशहाच्या दरबारातील हा हिंदू अधिकारी ‘मिर्झा राजा’ अशी पदवी लावीत असे. पुरंदरच्या तहामुळे मिर्झा राजा म्हटले की मराठी माणसाला जयसिंगच आठवतात. त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी तीच पदवी मिरवणारा हा एक कचेरीतील मनुष्य. पेशकार म्हणजे कागद पुढे ठेवणारा, अर्थात आमच्याच धंद्यातला. मोगल बादशहाच्या नोकरीत राहून त्याने कालिकेच्या देवळाची डागडुजी करावी, यात त्या काळच्या दिल्लीला काही विपरीत वाटले नाही. मेहरौलीच्या योगमायेचे देऊळ नव्याने बांधले गेले तेही याच अकबरशहाच्या अमदानीत, आणि फूलवाल्यांची सैर, जिच्यात योगमायेला फुलांचा पंखा आणि बख्तियार काकींच्या दर्ग्यात चादर चढवतात, तिचा आरंभही त्याच कारकिर्दीतला. नंतरच्या काळात शहरातील सावकार-व्यापाऱ्यांनी कालकाजीभोवती धर्मशाळा बांधल्या. या साऱ्यांच्या हातांनी देऊळ आजच्या रूपास आले.

पूजाअर्चेबद्दल थोडे सांगतो. देवीची मूर्ती घडीव नाही. स्वयंभू शिळा मानतात, आणि भक्ताला दिसतो तो फुलांत, चुनरीत आणि दागिन्यांत झाकलेला मुखवटा व त्यातील मोठे डोळे. सकाळी दुधाने स्नान, शृंगार, आरती. संध्याकाळी पुन्हा आरती. नारळ, लाल चुनरी, बांगड्या, बत्तासे हा येथला चढावा. लहान मुलांचे जावळ काढण्यास लोक येतात, नवी मोटार घेतली की चाकाखाली लिंबू ठेवण्यापूर्वी येथे आणतात.

आमच्या मातोश्री पहिल्यांदा दिल्लीस आल्या तेव्हाची गोष्ट आहे. आमची कुलस्वामिनी माहूरची रेणुका. तिचेही स्वरूप शेंदूर माखलेल्या तांदळ्याचे, नुसते मुख, आणि तेवढ्यात सारी माया. कालकाजीच्या गाभाऱ्यापाशी मातोश्री पोहोचल्या, क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, ही तर आपली रेणुकाच.’ त्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढून ओटी भरली. पुजाऱ्याने खण उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘माताजी, ये क्या है?’ मातोश्रींच्या हिंदीची झेप मोठी नव्हती. त्या म्हणाल्या, ‘देवीची चोळी है.’ पुजारी हसला, आणि त्याने तो खण चुनऱ्यांच्या ढिगावर न टाकता देवीच्या पायांशी नीट पसरला. बदलीच्या नोकरीत माहूरला जाणे दरवर्षी जमले नाही. कालकाजीची ओटी मात्र आमच्या घरात चुकली नाही. येथे बसलेल्या अनेक घरांत हीच चाल आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. कोणाची तुळजाभवानी, कोणाची अंबाबाई, कोणाची योगेश्वरी, ओटी कालकाजीला.

सेवेचे हक्क येथे वंशपरंपरेचे आहेत. ब्राह्मण पुजाऱ्यांचे काही थोक, म्हणजे घराण्यांचे गट, आणि जोग्यांचा एक, असे आळीपाळीने सेवा करतात. या पाळीला बारी म्हणतात आणि ज्याची पाळी तो बारीदार. बारीत येणाऱ्या उत्पन्नावरून आणि आवारातील दुकानांवरून कज्जे झाले, ते न्यायालयांत गेले, आणि २०२१ च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने देवळासाठी एका निवृत्त न्यायमूर्तींना प्रशासक नेमले. पंढरपूरचे बडवे-उत्पात, त्यासाठीचा १९७३ चा कायदा आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झालेला शेवट ज्यांना आठवतो, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. जेथे देव जागृत तेथे खटलेही जागृत. आपल्या फलकाच्या दृष्टीने अर्थ इतकाच की, परवानगी मागावयाची ती रीतसर, लेखी, आणि योग्य त्या अधिकाऱ्याकडे. ओळखीच्या बारीदाराकडून तोंडी होकार मिळवून काम उरकू नये.

आता फलकाच्या मजकुराचा मसुदा. आम्ही तो असा केला आहे : ‘इ. स. १७३७ च्या चैत्रात मराठ्यांची फौज येथे आली, तेव्हा देवीच्या यात्रेतील भाविकांना तिचा उपद्रव झाला. पुढे या देवळाच्या जुन्या भागाचे बांधकाम मराठ्यांनी केले, अशी परंपरा आहे. दिल्लीतील मराठी कुटुंबे दर नवरात्रात येथे देवीची ओटी भरतात.’ तीन वाक्ये, आधी देवनागरी हिंदीत आणि खाली मराठीत. हिंदी वर का, असा प्रश्न येईल. १७३७ मध्ये जे यात्रेला आले होते त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना ते वाचता यावे म्हणून.

पहिले वाक्य गाळावे, असा आग्रह कार्यकारिणीतील दोघा ज्येष्ठांनी आमच्यापाशी धरला आहे. त्यांचे वय आणि मंडळासाठी त्यांनी केलेले कष्ट यांना आमचा नमस्कार. पण पहिले वाक्य गाळावयाचे असेल तर दुसरेही गाळावे आणि फक्त ओटीचे ठेवावे, असे आमचे मत आहे. ओटीला कोणाच्या पुराव्याची गरज नाही. ती भरताना आम्ही पाहिली आहे.

मसुद्याच्या प्रती कार्यवाहांकडे ठेवल्या आहेत. ज्यांना दुरुस्त्या सुचवावयाच्या असतील त्यांनी त्या येत्या दसऱ्यापर्यंत लेखी द्याव्यात. अश्विनातील पंचमीला नेहमीप्रमाणे सकाळी सात वाजता कालकाजी मेट्रो स्थानकाच्या दाराशी जमावयाचे आहे. दर्शन झाल्यावर अशोकाच्या लेखापर्यंत चालत जाऊ. ज्येष्ठांसाठी रिक्षाची सोय केलेली आहे.